गोळी सुटायच्या आधी

फिदेन्सिओ आर्सोला एकतीस पिक्चरमध्ये मेला होता. कुठे छपरावरून कोसळून, कुठे पाण्याच्या हौदात पालथा पडून, आणि जास्त करून घोड्यासकट. हे तो स्वतः बोटांवर मोजून सांगायचा. मी त्याला ओळखायला लागले तेव्हा त्याची कंबरेखालची बाजू सात वर्षांपासून मेलेली होती. ते मरण मात्र तो मोजत नसे.

मेक्सिकोतल्या ला बोकिया गावच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून आले ते १९७९ साली. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि एक कुलूपबंद कपाट. पहिल्याच सकाळी फिदेन्सिओची बायको आम्पारो दारात येऊन उभी राहिली. बारीक, उंच, काळी शाल घट्ट लपेटलेली. म्हणाली, "नर्सबाई, माझ्या नवऱ्याच्या पाठीला जखम झालीय. बसून बसून. तो इकडे येऊ शकत नाही." तेव्हापासून रोज नऊ वाजता मी त्याची जखम धुवायला जात असे. एक भरली की दुसरी उघडायची. बारा वर्षं मी त्या पाठीशी बोलले असं म्हटलं तरी चालेल. तो पालथा पडून उशीत बोलायचा आणि मी वरून उत्तर द्यायची.

त्याची हकीकत गावात सगळ्यांना ठाऊक होती. उत्तरेकडून, अमेरिकेतून, पिक्चरवाले ट्रक भरभरून यायचे. आमच्या मुख्य रस्त्यावरच्या घरांपुढे त्यांनी फळ्यांची बँक, फळ्यांचा गुत्ता, फळ्यांचं हॉटेल उभं केलं होतं. गावातल्या पुरुषांना कधी डाकू करत, कधी शिपाई, कधी अपाची इंडियन. घोडा तर सगळ्यांनाच येत होता. पण घोड्यासकट पडता येत होतं ते फक्त फिदेन्सिओला. त्याची तांबूस घोडी होती, कानेला नावाची. लगामाला डावीकडे एक विशिष्ट हिसका दिला की ती धावता धावता कुशीवर कोसळायची आणि लगेच उठून अंग झटकायची. फिदेन्सिओ मेलेला तसाच पडून राहायचा.

ती कोसळायची तिथली जमीन मऊ असावी लागायची. हे काम तिबुर्सिओ कानालेसचं. आदल्या दिवशी तो वीस फूट लांब, गुडघाभर खोल खणायचा, दगड वेचून काढायचा, वाळू आणि पेंढा भरायचा, आणि वर रस्त्याचीच धूळ अशी पसरायचा की कॅमेऱ्याला पत्ता लागू नये. खड्डा सुरू होतो तिथे कडेला दोन पांढरे खडे ठेवायचा. ते फक्त दोघांना ठाऊक. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच मास्तरचा मार खाल्ला, आणि समोरासमोर राहायचे. मधे तीस पावलांचा रस्ता.

१९७२ च्या नोव्हेंबरात कानेला कठीण जमिनीवर पडली आणि फिदेन्सिओ तिच्याखाली आला. चार दिवसांनी दुरांगोच्या इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा त्या दिवसातलं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. सकाळची दालचिनी घातलेली कॉफी आठवत होती, त्यापुढे कोरं. कुणीतरी बोलून गेलं, की खड्ड्यात नाही, दगडमातीवर पडलास. झालं. तिबुर्सिओ संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आला, तेव्हा फिदेन्सिओने पाण्याचा पेला त्याच्या तोंडावर फेकला. "माझ्यासाठी चार फावडी माती जास्त नाही का उपसता आली तुला?" एवढंच बोलला. पुढे अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तीस पावलांवर राहून न बोलणं हे सोपं काम नाही. फिदेन्सिओ खिडकीशी बसला की तिबुर्सिओ मागच्या दाराने शेतात जायचा. त्याच्या बायकोच्या भावाची तोर्रेओनला विटांची भट्टी होती. तो दरवर्षी बोलवायचा, बायको दरवर्षी मागे लागायची, आणि हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." थंडी सुरू झाली की आर्सोलांच्या मागच्या दाराशी ओकच्या लाकडाची मोळी येऊन पडायची. आम्पारो ती गुपचूप आत घ्यायची. हे मी पाहिलं होतं. बोलले नाही, कारण विचारायचा मला काय अधिकार?

१९८१ मध्ये आम्पारोच्या भावाने टेक्सासहून टीव्ही पाठवला. गावातला दुसराच. पहिला पाद्रीबाबांकडे होता, पण तिथे पाय पुसून बसावं लागायचं आणि मोठ्याने बोलायची सोय नव्हती. त्यामुळे शनिवारी चार वाजले की सगळे इकडे. त्या वेळेला एका चॅनेलवर लागोपाठ दोन जुने पिक्चर लागायचे, आणि त्यांतला एक तरी काउबॉयचा असायचाच. लोक आपापल्या खुर्च्या घेऊन यायचे. भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची टरफलं रविवारी झाडून काढता काढता आम्पारोचा हात दुखायचा. पण लोक येतात म्हणून तिचा चेहरा शनिवारी दुपारपासून उजळलेला असायचा. बाकी सहा दिवस त्या घरात एक खुर्ची, एक बाई आणि एक खिडकी.

आणि काय ती बडबड! पिक्चर ऐकू यायचा नाही.

"हा गडी तीन दिवस वाळवंटात भटकतोय, आणि शर्ट बघा. इस्त्री मोडली नाही," दोन्या चोना म्हणायची. ती विधवा, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण कपड्यांवर नजर पक्की. (आमच्याकडे मानाने बाईच्या नावाआधी 'दोन्या' आणि पुरुषाच्या नावाआधी 'दोन' लावतात.)

"सहा गोळ्यांचं पिस्तूल आहे ना?" हे दोन वेन्चे, खाटीक, कानातलान गावाहून येऊन इथे स्थायिक झालेले. "मी मोजल्या. अकरा झाल्या. माझ्याकडे असा सुरा असता तर गाय आपोआप सोलली असती."

"आणि टोपी पडत नाही कुणाची! मारामारी होते, दात पडतात, टोपी नाही पडत."

"ती बाई बघा. कॉफी उकळेपर्यंत प्रेमातसुद्धा पडली."

"तुझ्या वेळी कॉफी थंड होईपर्यंत लागला होता वेळ, म्हणून जळतेस तू."

"आपण मेक्सिकन मात्र नेहमी दोनच," दोन वेन्चे बोट नाचवायचे. "एक तर डाकू, नाही तर टोपी तोंडावर घेऊन झोपलेले."

"मी डाकू होतो," फिदेन्सिओ खुर्चीतून म्हणायचा. "झोपलेल्याला पैसे कमी मिळायचे."

त्या खोलीत तो राजा होता. पडद्यावर धूळ उडाली की सगळे त्याच्याकडे वळायचे. "थांबा," तो हात वर करायचा. "तो डावीकडचा, लाल रुमालवाला. तो मी. आता मरतो बघा. मेलो! आता जरा दम धरा. दाढी लावून परत येतो आणि दुसऱ्या बाजूने मरतो." लोक टाळ्या वाजवायचे. मधूनच नवीन धाटणीचं काही लागलं, एकटा सैनिक अख्खी पलटण उडवतो, मोटार नुसती खांबाला टेकली तरी भडका, तर सगळे एकमुखाने नाकं मुरडायचे. "यात माणूस पडत नाही," दोन्या चोना म्हणायची, "नुसता उडतो. पूर्वी माणूस पडला की पडला असं वाटायचं." त्यावर फिदेन्सिओ मान डोलवायचा, जणू ती शाबासकी त्यालाच होती. होतीच म्हणा.

एक पिक्चर मात्र त्याने पाहिलेला नव्हता. ज्यात तो शेवटचा पडला तो. शूटिंगच्या वेळी पिक्चरचं नाव एक असायचं, इंग्रजीत दुसरं, आणि आमच्या टीव्हीवर येईपर्यंत तिसरंच. त्यामुळे तो कधी येईल, येईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. पडलेला तो भाग त्यांनी कापून टाकला असेल अशी त्याची समजूत होती. माणूस मोडला तो तुकडा कोण ठेवेल?

१९८४ चा मार्च महिना. त्या शनिवारी खोलीत वीसेक माणसं असतील. मी दाराशी उभी होते, आम्पारो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पिक्चर बँक लुटण्याचा. आमचीच फळ्यांची बँक, सगळ्यांनी ओळखली. डाकू पैसे घेऊन रस्त्यावरून सुसाट निघाले, हॉटेलच्या सज्ज्यावरून बायका किंचाळल्या, आणि शेवटचा स्वार, तोंडावर काळा रुमाल, घोड्यासकट कोसळला. दूरचं दृश्य, भरपूर धूळ. सगळं मिळून दोन श्वासांचा वेळ. मग बंदुकीचा धूर दिसला.

दोन वेन्चेंनी मांडीवर थाप मारली. "अरे! गोळी सुटायच्या आधीच मेला की हा!"

"भीतीने मेला," कुणीतरी म्हणालं.

"बायकांकडे बघत होता मेला," दोन्या चोना म्हणाली. "मी एका डोळ्याने पाहिलं. मान वर, सज्ज्याकडे. अशाला गोळी कशाला वाया घालवायची?"

खोली हसून हसून लोळली. मीही हसले. नेहमीसारखं कुणीतरी फिदेन्सिओकडे वळलं, "काय दोन फिदे, हा कोण होता इतका बावळट?"

"आठवत नाही," तो म्हणाला.

लोक पुन्हा पडद्याकडे वळले. माझी नजर सहज त्याच्या हातांवर गेली. दोन्ही हात खुर्चीच्या चाकांवर होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. चाकं हलायला जागाच नव्हती. पुढे खुर्च्या, मागे खुर्च्या, पायाशी पोरं बसलेली. पिक्चरचा अजून पाऊण तास बाकी होता. त्यात साबणाच्या आणि बिअरच्या जाहिराती. कुठल्याही धडधाकट माणसाने पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून अंगणात जाऊन यायचं, तसं त्याला करता येत नव्हतं. तो तिथेच बसला. नायक जिंकला, बाई मिळाली, सूर्य मावळला, टाळ्या झाल्या. मी आम्पारोकडे पाहिलं तर उंबरा रिकामा होता.

रविवारी सकाळी मी जखम धुवायला गेले तेव्हा त्याने मला थांबवलं. "आधी तिला बोलवा, नर्सबाई. आणि तुम्ही जाऊ नका. मला कुणीतरी तिसरं हवंय."

आम्पारो आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तू त्या सज्ज्यावर होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? सगळं आठवत नाही म्हणालास. मला वाटलं, देवाची कृपा."

"काय झालं होतं? सगळं सांग."

तिने शालीचा काठ पिळला. मग एका दमात बोलली. "सात महिने झाले होते लग्नाला. त्यांना सज्ज्यावर बायका हव्या होत्या, मी गेले. निळा झगा दिला होता, पिसांची टोपी. तुला आदल्या रात्री सांगितलं नाही. म्हटलं, गंमत करू. नुसतं किंचाळायचं, हात हलवायचा नाही, असं त्यांनी शंभरदा बजावलं होतं. तू खालून आलास आणि मी हात हलवला. तू वर पाहिलंस. रुमालाच्या आडून हसलास, फिदे. मला दिसलं. आणि लगाम ओढलास."

"खड्ड्याच्या आधी."

"चार-पाच पावलं आधी. माझ्या बरोबर खाली. मला दाखवायला."

बाहेर कोंबड्या भांडत होत्या.

"आणि तिबुर्सिओ?" शेवटी त्याने विचारलं. "अकरा वर्षं मी त्याला शिव्या घालतोय. रोज. तू भाकऱ्या थापत ऐकत होतीस."

"ऐकत होते."

"कशा गं ऐकवल्या तुला?"

"त्याला शिव्या घालत होतास तोवर माझ्या हातचं जेवत होतास," आम्पारो म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर तू माझ्या हातचं पाणी तरी प्यायला असतास का? मला जायला दुसरी जागा होती का? आणि तुला होती?"

मी हातातला कापूस उगाच दुमडत बसले. मग तो म्हणाला, "जा. त्याला बोलावून आण."

ती शाल सारखी करून रस्ता ओलांडून गेली. परत यायला अर्धा तास लागला. तिबुर्सिओ आला तो प्रार्थनेला जायचा धुतलेला शर्ट घालून. त्याचे केस पिकले होते. टोपी काढावी की ठेवावी हे त्याला कळेना, म्हणून ती हातात घेऊन तो दारातच थांबला.

"आत ये," फिदेन्सिओ म्हणाला.

"इथे बरा आहे."

"काल मी पाहिलं, आज हिने सांगितलं. खड्डा जागेवर होता."

"जागेवरच होता," तिबुर्सिओ म्हणाला. "वीस फूट. त्या संध्याकाळी मी परत जाऊन मोजला. दोनदा. खडे होते तिथेच होते."

"तुला ठाऊक होतं?"

"घोडी कुठे पडली ते दिसत होतंच की. आंधळा आहे का मी?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा? अकरा वर्षं!"

तिबुर्सिओने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "सांगायलाच आलो होतो, संत्री घेऊन. तू पेला फेकलास. मग तुझ्या पायांवरची चादर पाहिली. ज्याचे पाय गेले त्याला कोण सांगणार, की बाबा, चूक तुझीच होती? म्हटलं, माझ्यावर राग काढून जगतोय तर जगू दे. एक-दोन वर्षांत निवळेल. मग तीन झाली. मग सांगायची वेळच निघून गेली."

"आणि तोर्रेओनला का गेला नाहीस?"

"मी गेलो असतो तर सगळे म्हणाले असते, पळाला."

फिदेन्सिओने माफी मागितली. ती कशी मागितली ते मी सांगत नाही, कारण ती नीट जमली नाही. अर्धी शिवी होती, अर्धं रडू होतं. तिबुर्सिओ शेवटपर्यंत आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "झालं ते झालं," आणि गेला. लोकांना वाटतं, अशा वेळी दोन मित्र गळ्यात गळा घालतात. तसं पिक्चरमध्ये होतं. इथे दोघांनाही एकमेकांकडे बघायची इतकी लाज वाटत होती की पुढचे तीन महिने तिबुर्सिओ मागच्याच दाराने शेतात जात राहिला. फक्त आता जाताना खाकरायचा.

जूनमध्ये तो तोर्रेओनला गेला. बायको, दोन मुली, गाद्या, कोंबड्यांची खुराडी, सगळं एका ट्रकमध्ये. निघताना ट्रक आर्सोलांच्या खिडकीशी थांबवून त्याने हाक मारली, "फिदे, निघालो रे!" आतून उत्तर आलं, "नीट बस, पडशील!" ट्रक गेल्यावर फिदेन्सिओ दिवसभर खिडकीतून हलला नाही. समोरच्या घराला कुलूप होतं. आम्पारो मला म्हणाली, "आता त्याला शिव्या घालायलाही कुणी उरलं नाही. मीच काय ती."

पण तिलाही त्याने शिव्या घातल्या नाहीत. ते अधिक वाईट होतं असं ती म्हणायची. तो तिच्याशी सभ्यपणे बोलायला लागला. मीठ दे, खिडकी लाव, आभारी आहे. वर्षभर असं चाललं. एका सकाळी मी गेले तर दोघं कडाकडा भांडत होती, घेवडा करपला यावरून. तो ओरडत होता, "एवढं साधं काम!" आणि ती पळी आपटत होती, "मग स्वतः उठून कर!" हे बोलताच पळी तिच्या हातात तशीच राहिली. आणि तो हसला. मी बाहेर अंगणात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

शनिवार चालूच होते. तो आता "हा मी" असं सांगत नसे. लोकांना वाटलं, म्हातारपणी कंटाळला. त्याची मरणं लोक स्वतःच शोधायला लागले आणि भलत्यालाच फिदेन्सिओ समजून टाळ्या वाजवायला लागले. त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही.

तोर्रेओनहून पत्रं यायला लागली. तिबुर्सिओने तिथे टीव्ही घेतला होता. पत्रं चार ओळींची, पेन्सिलीने लिहिलेली. "आगगाडीचा पिक्चर लागला होता. पुलावरून छान पडलास. नायक मात्र लाकडाचा. इथले लोक म्हणतात, जुने पिक्चर कंटाळवाणे. विटांचं काम कमरेला लागतं." फिदेन्सिओ पत्र तीनदा वाचायचा आणि लगेच उत्तर लिहायचा. त्यातही खुशाली कमी आणि पिक्चर जास्त.

१९८६ च्या वसंतात तिबुर्सिओच्या थोरलीचं लग्न ठरलं आणि आमंत्रण आलं. फिदेन्सिओ जायचं म्हणाला. आम्पारोने त्याचा काळा कोट उन्हात घातला, मी मलमपट्टीचं सामान बांधलं, मीही सोबत जाणार होते. चौदा वर्षांत तो गावाबाहेर फक्त इस्पितळात गेला होता. शुक्रवारी सकाळी आम्ही त्याला ढकलत बसथांब्यावर नेलं. बस आली. दार अरुंद, तीन उंच पायऱ्या. ड्रायव्हर भला माणूस. खाली उतरून म्हणाला, "खुर्ची टपावर टाकतो, दोन फिदे. तुम्हाला मी आणि कंडक्टर उचलून घेतो. फुलासारखे."

फिदेन्सिओ पायऱ्यांकडे बघत होता. आतून लोक काचेला नाक लावून बघत होते.

"किती तास लागतात?" त्याने विचारलं.

"सहा. रस्ता चांगला असेल तर साडेपाच."

"नको," तो म्हणाला. "तुम्ही निघा."

आम्पारोने समजावलं, मी समजावलं, ड्रायव्हरने इंजिन बंद करून समजावलं. त्याने चाकं स्वतः हाताने उलटी फिरवली आणि घराकडे निघाला. थोडा चढ होता, तरी आम्हाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पाठ धुताना तो उशीत म्हणाला, "उचलून नेण्याची लाज नाही वाटत, नर्सबाई. तुम्ही रोजच बघता मला. पण तिथे गेलो असतो तर तो मला लग्नात सगळ्यांच्या पुढे बसवणार, मी परत माफी मागणार, तो परत 'झालं ते झालं' म्हणणार. आणि मग पत्रं बंद. भेट झाल्यावर माणसं कशाला लिहितील?"

"असं काही नसतं, दोन फिदे."

"तुम्हाला चालता येतं, म्हणून तुम्हाला असं वाटतं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता.

त्या दुपारी चार वाजता खोली भरली. एका म्हाताऱ्या शेरीफचा पिक्चर होता. दोन वेन्चे म्हणत होते, इतक्या म्हाताऱ्याला घोड्यावर चढवायला शिडी लागेल. फिदेन्सिओने आम्पारोकडून कागद-पेन्सिल मागून घेतली, मांडीवर पाट ठेवला, आणि पडद्याकडे बघत लग्नाला न येण्याचं कारण लिहायला घेतलं. पिक्चर संपेपर्यंत त्याचं लिहिणं चाललं होतं. पत्र मी सोमवारी टपालात टाकलं.